न रडणाऱ्या मुलाचा नंबर

सकाळी आठ वाजता आमच्या दवाखान्याचा फोन सुरू व्हायचा आणि सव्वाआठला त्या दिवसाचे नंबर संपायचे. लहान मुलांच्या डॉक्टर एकच, दिवसाला चाळीस मुलं, त्यापुढे एकही नाही, असा डॉक्टरबाईंचा शिरस्ता होता. घाईत तपासलं की चूक होते, असं त्या म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यामुळे आठच्या ठोक्याला निम्म्या शहरातल्या आया एका हाताने दूध गरम करत आणि दुसऱ्या हाताने आमचा फोन लावत असायच्या. ज्यांचा लागला त्यांचा लागला. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा नशीब अजमावायचं.

हे चाळीस नंबर वाटणाऱ्या बाईंना सगळे नंबरकाकू म्हणायचे. ते तोंडावर. पाठीमागे आणखी बरंच काही म्हणायचे, ते इथे सांगण्यासारखं नाही. मी त्याच दवाखान्यात नर्स होते. वजन करणं, ताप बघणं, इंजेक्शन देणं हे माझं काम. काकूंच्या खिडकीपासून माझं टेबल चार पावलांवर, त्यामुळे त्यांची हकिगत माझ्याइतकी जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही.

काकू अंगाने लहानखुऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. खिडकीच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं आणि ते नेमकं त्यांच्या उंचीला धरून कापलेलं होतं. सहा फुटी बापालाही त्यांच्याशी बोलताना वाकावं लागे. याचा त्यांना आतून आनंद होता, असा माझा दाट संशय आहे. आमच्याकडे येण्याआधी एकोणीस वर्षं त्या बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत होत्या. पुढे स्थानकावर दिव्यांच्या पाट्या लागल्या, गाड्यांच्या वेळा आपोआप दिसायला लागल्या आणि ती खिडकी बंद झाली. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, लहान मुलांची सवय आहे का. काकू म्हणाल्या, "रांगेची आहे."

रांगेपुढे त्यांना कुणी मोठं नव्हतं. सख्ख्या बहिणीचा नातू तापाने फणफणला होता तेव्हा त्यालाही त्यांनी छत्तिसावा नंबर दिला, आणि बहीण दोन महिने बोलली नाही. एका बड्या अधिकाऱ्याने शिपाई पुढे पाठवला, त्याच्या हातावर एकोणचाळिसावा ठेवला, कारण त्या वेळी तोच शिल्लक होता. वशिला नाही, ओळख नाही, मिनतवारी नाही. आधी येईल त्याला आधी. अकरा वर्षांत त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तो अभिमान मोडला तो दिवस मंगळवार होता.

कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावण्याचं काम करणारी एक तरुण आई होती. तिच्या आठ महिन्यांच्या मुलीला दोन दिवस जुलाब होत होते. आठपासून तिने फोन लावला, तो पंचवीस मिनिटांनी लागला, तेव्हा नंबर संपले होते. तरी ती आली. काकूंनी तिला नेहमीप्रमाणे सांगितलं की बसा, कोणी आलं नाही तर तुम्हाला घेते. ती जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसली, मुलीला मांडीवर घेऊन, वरून एक टॉवेल पांघरून.

त्या सकाळी दवाखाना नुसता दणाणत होता. एकाचा कान दुखत होता आणि ते तो अख्ख्या गल्लीला सांगत होता. एकाने नाकात मणी घातला होता आणि त्याची आई त्याच्यापेक्षा मोठ्याने रडत होती. जुळ्यांची एक जोडी पाळीपाळीने भोकाड पसरत होती. मागच्या बाकावरची मुलगी तेवढी शांत. काकूंनी एकदा तिकडे नजर टाकून मला म्हटलंही, की बघा किती गुणी लेकरू आहे, हूं नाही की चूं नाही.

साडेबाराला मी पाण्याच्या पिंपाकडे गेले आणि जाताजाता सहज वाकून पाहिलं. मुलीचे डोळे खोल गेले होते आणि अर्धवट उघडे होते. ओठ कोरडे ठाक. टाळूला खड्डा पडला होता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. मी तिला उचललं आणि नंबर बिंबर न बघता आत धावले. शीर सापडेना. डॉक्टरबाईंनी ती तिसऱ्या खेपेला शोधली, सलाईन सुरू केलं, रुग्णवाहिका आली आणि मुलगी मोठ्या रुग्णालयात गेली. ती वाचली, हे आधीच सांगून टाकते. चौथ्या दिवशी दूध प्यायली, आठव्या दिवशी घरी गेली. पण ती आणखी तासभर त्या बाकावर राहिली असती तर काय झालं असतं, हे आम्हा तिघींना पुरतं माहीत होतं.

काकूंना कुणी बोल लावला नाही. पुढच्या आठवड्यात ती आई मुलीला दाखवायला आली, सगळ्यांचे आभार मानले. काकूंनी तिला विचारलं, अगं, एवढं झालं होतं तर उठून सांगितलं का नाहीस?

"तुम्ही बसा म्हणालात, म्हणून बसले," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. तेच काकूंच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही न कळवता रजा घेतली नव्हती, त्यामुळे मी घाबरले. तिसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या, फोन उचलले, नंबर दिले, आणि दुपारी डबा खाताना माझ्यासमोर येऊन बसल्या. डबा उघडलाच नाही.

"सिस्टर, तुम्ही त्या पोरीला वाकून पाहिलंत तेव्हा तुम्हाला काय दिसलं, ते मला शिकवा."

मी म्हटलं, काकू, हे शिकायला मला तीन वर्षं लागली.

"मला इंजेक्शन द्यायचं नाहीये. कोणाला आधी आत सोडायचं, तेवढंच कळलं पाहिजे."

मग आमची शाळा सुरू झाली. रोज दुपारी अर्धा तास. मी त्यांना सांगितलं की तापाचा आकडा किती यापेक्षा मूल खेळतंय का हे आधी बघायचं. शेवटची लघवी कधी झाली, हे आईला सरळ विचारायचं, लाजायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, ते सदरा वर करून बघायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर तो कितीही कमी असो, त्याला थांबवायचं नाही. आणि गप्प, मलूल, उठवूनही न उठणारं मूल हे बोंबा मारणाऱ्या दहा मुलांच्या आधी. मोठ्याने ओरडायलासुद्धा अंगात ताकद लागते. हे शेवटचं ऐकताना त्या मान खाली घालून टेबलावरचे कण गोळा करत राहिल्या.

श्वास मोजणं त्यांना सगळ्यात जड गेलं. मुलं हलतात, बोलतात, आईचा पदर तोंडात घालतात. काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी मोठा सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ खिडकीत लावून दिलं. मग काकू काचेआडून समोरच्या बाकावरच्या पोरांचे श्वास मोजत बसायला लागल्या, आणि मला येऊन आकडा सांगायच्या. मी मोजून बघायची. पहिले पंधरा दिवस आमचे आकडे जुळेनात, मग जुळायला लागले. सुटीच्या दिवशी घरी यजमान दुपारचे आडवे झाले की त्यांचेही मोजायच्या. "मिनिटाला चौदा," त्यांनी मला कळवलं. "घोरण्यातले वेगळे."

महिना-दीड महिन्यानंतर त्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या. मी तिथेच औषधांचं कपाट लावत होते. काकूंनी उभ्या-उभ्याच सांगितलं की चाळीसपैकी तीसच नंबर सकाळी द्यायचे आणि दहा मागे ठेवायचे.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कोणासाठी?

"जी मुलं सकाळी आठला आजारी नव्हती, त्यांच्यासाठी. आणि ज्या आयांना भांडता येत नाही, त्यांच्या मुलांसाठी."

डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या की तुम्ही नर्स नाही, डॉक्टर नाही, फोनवर ऐकून तुम्ही चुकलात तर जबाबदार कोण? काकूंनी त्याचाही विचार करून ठेवला होता. मी कुणालाही येऊ नका म्हणणार नाही, मी फक्त लवकर या म्हणणार, असं त्या म्हणाल्या. चुकले तर एखादं धडधाकट मूल रांगेत पुढे जाईल, एवढंच. डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण दोन-तीनदा काढलं-लावलं. मग एक महिना करून बघू म्हणाल्या.

डॉक्टरबाईंचा जुना मोबाइल तातडीचा फोन म्हणून खिडकीत ठेवला. त्याचा क्रमांक भिंतीवर लिहिला, औषधांच्या प्रत्येक चिठ्ठीवर शिक्का मारून दिला. काकूंचे तीन प्रश्न ठरले होते. मूल दूध-पाणी पितंय का, शेवटची लघवी कधी झाली, श्वास घेताना बरगड्या आत जातात का. शंका वाटली तर फोन माझ्याकडे किंवा आत डॉक्टरबाईंकडे द्यायचा. ओठ निळे पडले, झटका आला, तर आमच्याकडे यायचंच नाही, सरळ रुग्णवाहिका.

पहिल्या आठवड्यात फजितीच झाली. तातडीच्या फोनवर लोकांनी लसीच्या तारखा विचारल्या. एका आईला शाळेत द्यायला दाखला हवा होता. एका आजीला नातीचे दात कधी येतील ते जाणून घ्यायचं होतं. एका गृहस्थाच्या कुत्र्याला उलट्या होत होत्या; काकूंनी सवयीने त्यालाही लघवीचं विचारलं आणि मग दुसरीकडे पाठवलं. इकडे सकाळी तिसाव्या नंबरानंतर "संपले" म्हटलं की लोक चवताळायचे, आणि दुपारी चारला राखीव नंबरांतले तीन-चार तसेच पडून असायचे.

एके दिवशी बांधकामाची कंत्राटं घेणारा एक बाप आला. मुलाला खोकला, नंबर बारावा. त्याच्यानंतर अर्ध्या तासाने आलेल्या एका बाळाला काकूंनी आधी आत पाठवलं. तो उठला आणि काचेवर हात आपटून म्हणाला, "रांग म्हणजे रांग, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

"हो," काकू म्हणाल्या. "मीच शिकवलं. ते चुकलं."

त्याने तक्रार लिहिली, बसलेल्यांपैकी सहा जणांच्या सह्या घेतल्या आणि ती डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून गेला. शिकलेली माणसं होती, मुद्देसूद लिहिलं होतं. खिडकीत बसणाऱ्या बाईंनी कोणाचं मूल किती आजारी हे ठरवावं, हे कुठल्या कायद्यात बसतं, असा त्यांचा सवाल होता. डॉक्टरबाईंनाही तो खोडता येईना. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं की महिना संपला की आपण पुन्हा जुन्या पद्धतीवर जाऊ. काकू "बरं" म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, एवढंच मला कळलं.

तेविसाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, साध्या फोनवर एका आजोबांचा फोन आला. घरी ते आणि दहा महिन्यांचा नातू. मुलगा-सून कामावर. उद्याचा नंबर आज मिळतो का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तसा तो मिळत नसे. काकू नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमधून बाळाच्या किंचाळण्याचा आवाज आला. सुरी लागल्यासारखा. मग तो आवाज एकाएकी बंद झाला.

काकूंनी विचारलं, काय झालं त्याला?

आजोबा म्हणाले की काही नाही, गॅस धरला असेल, दुपारपासून अधूनमधून रडतो आणि लगेच झोपतो. सकाळी अगदी मजेत होता. काकूंनी तीन प्रश्न विचारले. दूध? अकराला प्यायला, पण नंतर उलटी झाली. लघवी? बाराला लंगोट ओला होता. बरगड्या? छे, श्वास छान चाललाय. तिन्ही उत्तरांत तातडीचं काही नव्हतं. आमच्याच नियमाने या बाळाला उद्या बोलवायला हरकत नव्हती.

पण काकूंना ते थांबलेलं रडणं सोडवेना. त्यांनी मला हाताने खुणावलं आणि आजोबांना म्हणाल्या, फोन ठेवू नका, जरा बोलत राहा माझ्याशी. काय बोलू, आजोबांनी विचारलं. काही बोला, काकू म्हणाल्या, पूर्वी काय करायचात? आजोबा छापखान्यात होते, खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाची एकेक उलटी अक्षरं हाताने ओळीत लावायची. बिचारे भाबडेपणाने सगळं सांगायला लागले. ऊकार कसे हरवायचे, मालक कसा होता. काकू हूं हूं करत होत्या आणि त्यांचे डोळे सेकंदकाट्यावर होते. साध्या फोनची लाइन अडून राहिली होती. बाकावरचे लोक चुळबुळ करत होते.

बारा मिनिटं झाली आणि बाळ पुन्हा किंचाळलं. चार पावलांवरून मलाही ऐकू आलं. दीड मिनिट तो आवाज चढत गेला आणि पुन्हा तसाच तुटला.

काकूंनी विचारलं, रडताना पाय कसे करतो? पोटाशी घेतो, आजोबा म्हणाले. आणि चेहरा? पांढराफटक पडतो. मग गळूनच जातो हो.

मी काकूंकडे पाहून मान हलवली. मला त्या दुखण्याचं नाव माहीत होतं. पण खरं सांगते, मी असते तर बारा मिनिटं फोन धरून बसले नसते.

"आजोबा, आत्ता या," काकू म्हणाल्या. "मी डॉक्टर नाही, पण हा गॅस नाही वाटत मला."

आजोबा गडबडले. सुनेला विचारायला हवं, म्हणाले. ती आधीच म्हणते की मी फार घाबरट आहे.

"सुनेला मी सांगते. तुम्ही बाळाला उचला आणि शेजाऱ्याचं दार वाजवा. त्याला खायला-प्यायला काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही."

पंचवीस मिनिटांत ते आले. शेजारी पाव पोचवण्याचं काम करायचा. त्याच्या गाडीतून, पावाच्या रिकाम्या ट्रेच्या चवडींमध्ये बसून आजोबा आले होते आणि त्यांच्या अंगाला, बाळाच्या दुपट्याला ताज्या पावाचा वास येत होता. बाकांवर चौदा माणसं होती. काकू खिडकीमागून उठल्या, बाजूचं दार उघडून बाहेर आल्या. कामाच्या वेळेत त्या बाहेर आलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. सत्तावीस नंबरच्या बाई आत जायला उठल्या होत्या. काकू त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या नंबरावर मी हे बाळ आत नेतेय. राग माझ्यावर काढा."

त्या बाईंनी आजोबांच्या खांद्यावरच्या पांढऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दार स्वतः उघडून धरलं.

आत टेबलावर ठेवलं तेव्हा बाळ निपचित होतं. डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला. बोटं हळूहळू उजवीकडे वर सरकली आणि एका जागी थांबली. तिथे कातडीखाली बोटाएवढं लांबट काहीतरी लागत होतं. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरला होता, सदऱ्याची बाही उलटताना आत ओढली जाते तसा. तो तसाच राहिला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतडं कुजायला लागतं. डॉक्टरबाईंनी मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनला स्वतः फोन लावला. रुग्णवाहिकेला वेळ लागणार होता, पावाची गाडी दारात उभी होती. मी बाळ आणि आजोबांबरोबर गाडीत चढले. मागे काकू आधी सुनेला आणि मग मुलाला फोन लावत होत्या, आणि दोघांनाही एकच वाक्य सांगत होत्या की आजोबांनी अगदी योग्य तेच केलंय.

रुग्णालयात सोनोग्राफी झाली. मग बाळाला एका यंत्राखाली ठेवून खालून नळीने हवा भरायला सुरुवात केली. मी काचेपलीकडून पडद्याकडे बघत होते. हवेचा काळा पट्टा पुढे सरकायचा आणि एका गाठीशी येऊन अडायचा. पुन्हा सरकायचा, पुन्हा अडायचा. तिसऱ्या वेळी ती गाठ थरथरली आणि एकदम नाहीशी झाली, आणि हवा पोटभर पसरली. "सुटलं," सर्जन म्हणाले. ना चाकू, ना टाका.

पोटाला आराम म्हणून त्याला काही तास उपाशी ठेवायचं होतं. हे बाळाला मुळीच पटलं नाही. त्याने भुकेने असा टाहो फोडला की मजल्यावरची माणसं दारात येऊन बघायला लागली. तोवर त्याची आई धापा टाकत पोचली होती आणि आजोबांचा हात सोडत नव्हती. मी बाहेर येऊन दवाखान्यात फोन लावला, काही न बोलता तो बाळाच्या दिशेने धरला. काकू बराच वेळ ऐकत होत्या.

"हे रडणं चांगलंय," त्या म्हणाल्या. 

संध्याकाळी सर्जननी डॉक्टरबाईंना फोन केला. ते म्हणाले की ही मुलं आमच्याकडे बहुतेक दुसऱ्या दिवशी येतात, शीमधून रक्त जायला लागल्यावर, आणि मग पोट उघडावं लागतं. हे काही तासांत आलं. कोणी ओळखलं? डॉक्टरबाई म्हणाल्या, "आमच्या खिडकीतल्या काकूंनी." हे त्या मुद्दाम दार उघडं ठेवून, खणखणीत आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा डॉक्टरबाई माझ्याआधी येऊन बाहेरच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवत होत्या. रोज दहा नंबर राखीव. ते कोणाला द्यायचे हे काकू ठरवतील. तक्रार असल्यास माझ्याकडे यावे. सह्यांचा कागद त्यांनी नंतर त्या सहाही जणांना एकेक करून फोन लावून वाचून दाखवला आणि प्रत्येकाला बाळाची हकिगत सांगितली. काकूंनी भिंतीवरचा कागद वाचला आणि ओळ तिरकी गेलीय म्हणाल्या.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं म्हणणार नाही. काकूंनी लवकर आत पाठवलेल्या दहा मुलांपैकी आठ ठणठणीत निघायची. आई ओशाळून म्हणायची, उगाच तुम्हाला त्रास दिला. काकू म्हणायच्या, उगाच आलात हेच बरं. पण उरलेल्या दोघांना बाकावर थांबवलं नाही, म्हणून काकूंना मागाहून पस्तावायची पाळी आली नाही. त्या वर्षात श्वास लागलेली, पाणी सुकलेली, अंगावर जांभळे ठिपके उठलेली अशी, अगदी जिवावर बेतलेली तेवीस मुलं त्यांनी बाकावर बसू दिली नाहीत. हळूहळू लोकांनाही त्यांचे तीन प्रश्न पाठ झाले. एकदा तातडीच्या फोनवर तो कंत्राटदार होता. काकूंनी काही विचारायच्या आत तो म्हणाला की मुलगा पाणी पितोय, लघवी आत्ताच झाली, सदरा वर करून बघितलं, बरगड्या ठीक आहेत. आणि पुढे स्वतःच म्हणाला, म्हणजे उद्या आठला फोन करतो. त्याने केला, आणि त्याला सहावा नंबर मिळाला.

मोठ्या रुग्णालयाने दोन वर्षांनी काकूंना बोलावणं पाठवलं. शहरातल्या दवाखान्यांत खिडकीवर, फोनवर बसणाऱ्यांना हे शिकवाल का, असं विचारलं होतं. काकू म्हणाल्या, मी अकरावी नापास बाई, मी काय शिकवणार. यजमान म्हणाले, मी येतो बरोबर. ते खरंच गेले आणि श्वास मोजायच्या सरावासाठी अठरा जणांसमोर खुर्चीत बसून राहिले. लोक मोजताहेत म्हटल्यावर ते श्वास रोखून धरायचे, आणि काकू त्यांना सगळ्यांदेखत रागवायच्या. हसता हसता ती अठरा माणसं मोजायला शिकली. शेवटी काकूंनी त्या मंगळवारची गोष्ट सांगितली. आपलं नाव न लपवता, काही कमी न करता. मी मागे बसले होते. 

त्या अठरांत एक जाडजूड, मिशाळ गृहस्थ होते. पूर्वी गोदामावर रखवालदार होते, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याच्या दारात नंबर द्यायचे. शिकताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी अकराला, त्यांचा फोन आला. काकूंनी फोन कानाला लावला आणि खुर्चीत ताठ झाल्या. एक बाई लसीचा नंबर मागायला आली होती, गृहस्थ सांगत होते. बाळ थोडं कोमट लागतंय, पण ते उन्हातून आल्यामुळे, असं ती म्हणाली. त्यांनी विचारलं, बाळ किती दिवसांचं? चाळीस. त्यांनी तिला रांग सोडून आत नेलं. ताप निघाला, रुग्णालयात पाठवलं, रक्तात जंतू सापडले. आज दहावा दिवस, बाळ सकाळी घरी गेलं.

काकूंनी विचारलं, "तिने मागितलं होतं का आधी आत सोडा म्हणून?"

"नाही," ते म्हणाले. "ती तर सारखी म्हणत होती, आम्हाला घाई नाही."

काकूंनी फोन ठेवला आणि दार न वाजवता डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या. आत एका मुलाच्या घशात बॅटरीचा उजेड टाकून डॉक्टरबाई वाकल्या होत्या. काकूंनी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी बॅटरी बंद केली, काकूंचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ नुसता हलवत राहिल्या. तो मुलगा आ वासून दोघींकडे बघत होता.

बाहेर आल्यावर काकूंनी मला चहा सांगायला लावला, बाकांवरच्या सगळ्यांसाठी. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. लोकांना वाटलं, काकूंचा वाढदिवस असेल. दोघीतिघींनी खिडकीशी वाकून शुभेच्छाही दिल्या, आणि काकूंनी त्या हसून घेतल्या.